खरा संदेष्टा कसा ओळखावा?



संतसाहित्य, इतिहास, भाषा हे विषय आपल्या व्यासपीठाला सवयीचे आहेत. आज मी हिब्रू धर्मग्रंथांतील खोट्या संदेष्ट्यांविषयी बोलणार म्हटल्यावर तुमच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हा, की आदिलाबादच्या मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो शब्दापासूनच सुरू होतो.

हिब्रू भाषेत संदेष्ट्याला ‘नबी’ म्हणतात. हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. निजामाच्या राज्यात उर्दू ही सरकारी भाषा होती. आपल्या घरांतल्या जुन्या पिढ्यांनी कचेरीची उर्दू शिकून घेतली होती, आणि ‘नबी’ व ‘पैगंबर’ हे दोन्ही शब्द त्यांच्या रोजच्या ऐकण्यातले होते. अरबी ‘नबी’ आणि हिब्रू ‘नबी’ एकाच भाषाकुळातले. तिकडे कोकणात बेने इस्राएल लोक शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नावाने ते मलिद्याचा विधी करतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याची जागा मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी आपल्या शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तनेही केली. पुढे पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, मूळ ग्रंथावरून साध्या बायामाणसांना कळेल असे मराठी भाषांतर केले. म्हणजे ही पुस्तके मराठीच्या अंगणात कधीचीच आलेली आहेत. ग्रंथ दुसऱ्या धर्माचा असला तरी त्यातला आजचा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला पडणारा आहे. देवाच्या नावाने, समाजाच्या नावाने किंवा ज्ञानाच्या नावाने बोलणाऱ्या दोन माणसांपैकी कोणाचे ऐकावे?

मराठीत या ‘नबी’साठी दोन शब्द वापरात आले. एकोणिसाव्या शतकातल्या ख्रिस्ती मराठीत ‘भविष्यवादी’ असा शब्द भेटतो. आजच्या मराठी बायबलात ‘संदेष्टा’ आहे. फारसीतून आलेल्या ‘पैगंबर’ शब्दाचा अर्थही निरोप आणणारा असाच आहे. या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. भविष्यवादी उद्या काय होईल ते सांगतो. संदेष्टा आज काय चालले आहे ते सांगतो, आणि त्याबद्दल तुम्ही काय करायला हवे तेही सांगतो. उद्याची गोष्ट त्याच्या बोलण्यात येते, पण ती आजच्या वागण्याला जोडलेली असते.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला दर अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आणि निरनिराळी धान्ये मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाहून पाऊस कसा पडेल, कोणते पीक साधेल, राजकारणात काय होईल याचे भाकीत सांगतात. आपल्याकडचा कापूस लावणारा शेतकरीही ते कानावर घेतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की हवामान खात्यावर, की दोघांवरही नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ते भाकीत ऐकणाऱ्याला त्याच्या वागण्याबद्दल काही विचारत नाही. शेजाऱ्याचा बांध कोरला आहेस का, सालगड्याचे पैसे चुकते केलेस का, हे घट विचारत नाही. हिब्रू संदेष्टा मात्र नेमके हेच विचारतो.

आता खरे-खोटे ओळखण्याची कसोटी काय? अनुवाद नावाच्या ग्रंथात, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात एक सरळ कसोटी दिली आहे. संदेष्ट्याने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती देवाची नव्हती. ऐकायला हे सोपे वाटते. पण त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात दुसरी बाजू आहे. कोणी चमत्काराची खूण सांगितली, ती खरीही ठरली, आणि तो तुम्हाला भलत्या वाटेने नेऊ लागला, तर त्याचे ऐकू नका. म्हणजे भाकीत खरे ठरणे पुरेसे नाही. त्यात योनाची गोष्ट घाला. योनाने निनवे शहराला चाळीस दिवसांत नाश होईल असे बजावले. लोक घाबरले, वागणे सुधारले, आणि नाश टळला. भाकीत चुकले, पण संदेशाचे काम झाले. योना मात्र त्यावर रुसून बसला. तर नुसत्या भाकिताच्या काट्यावर तोलायला गेलो तर खोटाही खरा ठरेल आणि खराही खोटा.

शिवाय या कसोटीची खरी अडचण व्यवहारातली आहे. निर्णय आज घ्यायचा असतो आणि निकाल उद्या लागतो. बियाणे बोगस होते हे कळते तेव्हा पेरणीचे दिवस गेलेले असतात.

ही अडचण सर्वांत स्पष्ट दिसते ती यिर्मयाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेम जिंकले. राजाला, कारागिरांना आणि मोठ्या लोकांना तो धरून घेऊन गेला, मंदिरातली भांडीही नेली. मागे राहिलेल्यांत बंडाची कुजबुज सुरू झाली. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून हिंडू लागला. सांगणे असे, की सध्या बाबेलचे जोखड सहन करा, बंड केले तर सगळेच जाईल. अशा वेळी गिबोन गावचा हनन्या भर मंदिरात उभा राहिला. दोन वर्षांत राजा परत येईल, माणसे परत येतील, भांडी परत येतील, असे त्याने जाहीर केले, आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले.

त्या गर्दीत आपण उभे आहोत असे समजा. दोघेही संदेष्टे. दोघेही एकाच देवाचे नाव घेऊन, एकाच धाटणीने बोलतात. हनन्याच्या बाजूला इतिहासही आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अश्शूरच्या सैन्याने यरुशलेमाला वेढा घातला होता, तेव्हा यशयाने शहर वाचेल असे सांगितले आणि ते वाचले होते. हनन्या जुनाच दिलासा पुन्हा देत होता. तो लबाड होता असे पुस्तकात कुठे म्हटलेले नाही. कदाचित त्याचा स्वतःच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास असेल. पण काल खरा असलेला निरोप आज खरा असेलच असे नाही, आणि देशप्रेमाने बोललेले सगळेच देशाच्या भल्याचे असते असेही नाही.

यिर्मयाने काय केले? तो म्हणाला, तुझे बोलणे खरे होवो, देव तसेच करो. हे उपरोधाने नव्हते असे मला वाटते. आपले लोक परत यावेत असे त्यालाही वाटत होते. मग त्याने एक मुद्दा मांडला. आमच्या आधीचे संदेष्टे बहुधा युद्ध, दुष्काळ आणि रोगराई यांचाच इशारा देत आले. म्हणून जो कुशलाचे वचन देतो, ते घडेल तेव्हाच त्याला देवाने पाठवले होते हे कळेल. पुरावा देण्याचे ओझे त्याने गोड बोलणाऱ्यावर टाकले. आणि त्यानंतर? पुस्तक सांगते की यिर्मया तेथून निघून गेला. लगेच प्रत्युत्तर त्याच्याजवळ नव्हते. पुढे त्याला निरोप मिळाला, तो घेऊन तो परत आला. लाकडाचे जू मोडले, त्याच्या जागी आता लोखंडाचे येईल, असा तो निरोप होता. हनन्या त्याच वर्षी मेला. यरुशलेम इ.स.पूर्व ५८७-८६ च्या सुमारास जळाले.

मला या गोष्टीत यिर्मयाचे ते निघून जाणे फार मोलाचे वाटते. खोट्याला थांबता येत नाही. त्याच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असते. खऱ्याला कधी कधी गप्प राहावे लागते.

आता मोजणीचा प्रश्न पाहू. जास्त लोक सांगतात ते खरे, असे आपण धरून चालतो. पहिल्या राजांच्या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात अहाब राजा लढाईला निघाला आहे. त्याने चारशे संदेष्टे गोळा केले आणि चारशेही म्हणाले, जा, जय तुझाच. सिद्कीया नावाच्या एकाने तर लोखंडाची शिंगे करून आणली आणि शत्रूला कसे हुंदडशील ते करून दाखवले. सोबतच्या यहूदाच्या राजाला शंका आली. त्याने विचारले, आणखी कोणी नाही का? अहाब म्हणाला, मीखाया म्हणून एक आहे, पण मला त्याचा तिटकारा आहे, तो माझ्याविषयी कधी बरे बोलत नाही. बोलावणे घेऊन गेलेल्या माणसाने मीखायाला वाटेतच सल्ला दिला, की सगळ्यांनी एकच सांगितले आहे, तूही तसेच सांग. मीखायाने सांगितले ते उलट. त्याच्या थोबाडीत बसली, तुरुंगात कोरड्या भाकरीवर राहणे आले. अहाब वेष बदलून लढाईत उतरला आणि कोणीतरी सहज मारलेल्या बाणाने मेला.

यात चारशे आणि एक हा आकडा महत्त्वाचा नाही. एकटा पडलेला प्रत्येक माणूस खरा असतो असेही यातून निघत नाही; वेडगळ माणूसही एकटाच असतो. महत्त्वाचे हे की अहाबाला खरा संदेष्टा कोण हे माहीत होते. त्याचे नाव त्याला पाठ होते. खोटे संदेष्टे राजाला फसवत होते त्याहून जास्त राजाच त्यांना पोसत होता. फसणाऱ्याची मागणी असते म्हणून फसवणाऱ्याचे दुकान चालते.

म्हणूनच हिब्रू संदेष्ट्यांनी कसोटीचा पहिला प्रश्न विचारला तो असा: याला जेवू कोण घालतो? मीखा नावाच्या संदेष्ट्याने (हा मीखाया नव्हे, शंभरावर वर्षांनंतरचा) सरळ लिहिले आहे, की काही संदेष्टे तोंडात घास पडला की कुशल सांगतात, आणि घास घातला नाही त्याच्याविरुद्ध उठतात. आमोस हा मेंढ्या राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस. बेथेलच्या राजमंदिरातल्या पुजाऱ्याने त्याला हाकलले, की जा, आपल्या देशात भाकर मिळव. आमोसाने सांगितले, की मी पेशाने संदेष्टा नाही आणि संदेष्ट्याच्या घराण्यातलाही नाही. माझे पोट यावर चालत नाही, असा त्याचा अर्थ.

दुसरा प्रश्न: याच्या बोलण्याने ऐकणाऱ्याचे काय जाते? यहेज्केलाने खोट्या संदेष्ट्यांना एक उपमा दिली. लोक कच्ची भिंत उभारतात आणि हे तिला वरून चुना फासतात. मातीच्या घरांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसात चुना आणि भिंत दोन्ही येतात. खोट्याच्या बोलण्याने आपल्याला काहीच सोडावे लागत नाही. खऱ्याच्या बोलण्याने काहीतरी सोडावे लागते.

तिसरा प्रश्न: तो कोणाच्या घरात बोलतो? शत्रूच्या पापांवर बोलायला धैर्य लागत नाही. नाथानाने दावीद राजाला गरिबाची एकुलती कोकरी पळवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. राजा संतापला, आणि तेव्हा नाथानाने तो श्रीमंत म्हणजे राजाच आहे हे त्याच्या तोंडावर सांगितले.

आपल्या परंपरेत हे प्रश्न परके नाहीत. तुकोबांनी भोंदू संतांवर आणि गुरुपणाच्या धंद्यावर जितके कडक लिहिले तितके क्वचितच कोणी लिहिले असेल, आणि परंपरा सांगते की त्यांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखते आधी इंद्रायणीत बुडवली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात समोरच्याच माणसांना प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण का करता, नवसाला बकरे का कापता, पोराला शाळेत का घालत नाही? शिष्य त्यांनी केले नाहीत, पाया पडू दिले नाही. तीन प्रश्न त्यांना लावून पाहा. उलट बाजूने, महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो महाराष्ट्राचा कायदा आहे. पैनगंगेच्या अलीकडे आपल्याला तो लागू नाही. पण तो असता तरी अंगारे-धुपारे करून लुबाडणाऱ्याला पकडेल, हनन्याला पकडू शकणार नाही. लोकांना हवे तेच सांगणे हा कोणत्याच कायद्यात गुन्हा नाही. तो ओळखण्याचे काम ऐकणाऱ्यालाच करावे लागते.

आता आपल्या घराकडे येतो. अहाबाची आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या वाड्याशेजारी नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित जमीन मी देणार नाही. राणी ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून, रीतसर पंचांसमोर त्याला दोषी ठरवून ठार करवले. कागदोपत्री सगळे ठीक होते. त्या मळ्यात राजाला गाठून जाब विचारणारा एलीया, तोच कोकणातल्या मलिद्याचा एलियाहू हन्नाबी.

जमीन कोणाची, हा प्रश्न आदिलाबादला विचारला गेला आहे. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम आणि त्यांचे साथी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांच्या स्थितीची पाहणी करवली. त्याने जे पाहिले ते लिहिले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी कागद नसल्यामुळे गोंड-कोलामांच्या हातून जात होत्या, आणि बाहेरून आलेल्या मराठी व तेलुगू शेतकऱ्यांच्या, सावकारांच्या, व्यापाऱ्यांच्या नावे चढत होत्या. पुढे हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. या कामात आपला एक मराठी माणूस होता, सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण सरकारी अधिकारी म्हणून ते या जिल्ह्यात राहिले, गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिली.

यांना मी संदेष्टे म्हणत नाही. त्यांनीही तसे म्हणवून घेतले नाही. मुद्दा ऐकणाऱ्यांचा आहे. त्या वेळी जिल्ह्यात दोन प्रकारचे बोलणे चालू असणार. एक, की कागद आपल्या बाजूला आहे, सगळे ठीक आहे. दुसरे, की कागद ठीक आहे, पण न्याय झालेला नाही. दोन्ही बोलणी मराठीत झाली असतील. प्रत्येक मराठी घराने कोणाची जमीन घेतली असे नाही. पुष्कळांनी जंगल-माळ स्वतःच्या कष्टाने वहितीला आणला. पण कोणत्या घरात कोणते बोलणे गोड लागले, हे ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या कागदांना विचारता येईल. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. आपल्या भाषेवर, शाळांवर अन्याय झाला हे आपण नेहमी बोलतो, आणि बोलायलाच हवे. नाथानासारखा कोणी आपल्या सभेत येऊन दुसऱ्या अन्यायाची गोष्ट सांगू लागला, तर त्याला पुढच्या वर्षी बोलावू का?

इथे यिर्मयाचेच आणखी एक लेखन आठवते. हनन्याचे ‘दोन वर्षे’ ऐकून बाबेलात नेलेले लोक सामान बांधून बसले असते. यिर्मयाने त्यांना पत्र पाठवले. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात आहात त्याचे भले पाहा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. परक्या भाषेच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना उद्देशून लिहिलेले इतके व्यावहारिक पत्र मला दुसरे माहीत नाही. त्यात खोटी आशा नाही आणि निराशाही नाही. शेजाऱ्याचे भले पाहणे ही त्यात दिलेली अट आहे, आणि आपले शेजारी गोंड, कोलाम, तेलुगू, उर्दू बोलणारे असे सगळे आहेत.

वाचकहो, साहित्य सभांचे एक दुखणे आहे. वक्ता येतो, आपल्या भाषेची, आपल्या गावाची, आपल्या पूर्वजांची स्तुती करतो, आपण टाळ्या वाजवतो आणि चहा घेऊन घरी जातो. त्यात वाईट काही नाही. यिर्मयाही हनन्याला ‘तसेच होवो’ म्हणाला होता. पण घरी गेल्यावर ते तीन प्रश्न विचारून पाहावेत, असे मला सुचवायचे आहे. याला जेवू कोण घालतो? याच्या बोलण्याने माझे काय जाते? हा कोणाच्या घरात बोलतो? हे प्रश्न बुवांना विचारा, पुढाऱ्यांना विचारा, दर हंगामाला कापसाचा भाव सांगत येणाऱ्या माणसाला विचारा, आणि आजच्या वक्त्यालाही विचारा. उत्तर लगेच मिळाले नाही तर थोडे थांबा. मंदिरातून निघून गेलेल्या यिर्मयालाही थांबावे लागले होते.